मनगटावरचा थेंब

त्या शुश्रूषागृहाच्या स्वयंपाकघरात एक रिवाज होता. तो कोणी लिहून ठेवला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हतं. जेवणाची गाडी वॉर्डाकडे निघायच्या आधी काकू वाटीत चमचा बुडवायच्या, एक थेंब डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोडायच्या, डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि मान हलवायच्या. मान हलली की गाडी हलायची. काकूंची मान हलली नाही तर खुद्द मेट्रनबाई दारात उभ्या असल्या तरी गाडी जागची हलायची नाही. असं सव्वीस वर्षं चाललं होतं, आणि म्हणून त्यांना सगळे थेंबकाकू म्हणत.

चाळीस खाटांचं शुश्रूषागृह. मोठ्या आजारातून उठलेली माणसं इथे महिना-दोन महिने राहून पायावर उभी राहायची. त्यातल्या पाचसहा जणांना चमच्याने भरवावं लागे, आणि खरा थेंब त्यांच्यासाठीच होता. बाकीच्यांना गरम लागलं तर ती ओरडायला मोकळी होती, आणि ओरडायचीही. भरवून घेणाऱ्यांतल्या काहींना तेवढंही जमत नसे.

काकूंच्या नाकावर माशी बसत नसे. कांदा जाड चिरला तर त्या चिरणाऱ्याला त्याच्याच हातचा कांदा दाखवून विचारत, "हा खायचा आहे की फेकून मारायचा आहे?" पण अशा बाईचं कोणी मनावर घेत नाही, कारण तिचं मीठ कधी चुकत नाही. सव्वीस वर्षांत मीठ चुकलं नव्हतं आणि मान चुकली नव्हती.

मग काकूंच्या रक्तात साखर आली. ती आली तशी राहिली, आणि चारपाच वर्षांनी हातापायांत उतरली. आधी तळपाय बधिर झाले, मग हातांची बोटं, मग मनगटापर्यंत. काकू कोणाला बोलल्या नाहीत. हातमोजा घालून काम केल्यासारखं वाटायचं, एवढंच. मग एक दिवस थेंब मनगटावर पडला आणि काकूंना तो फक्त ओला लागला. गरम की कोमट, काही कळलं नाही. त्यांनी नेहमीएवढा वेळ डोळे मिटले आणि मान हलवली.

त्या दिवसापासून काकू घड्याळावर चालू लागल्या. पातेलं बाराला उतरवायचं, सव्वाबाराला वाट्या भरायच्या, बारा वीसला थेंब. वाफ किती निघते त्यावर डोळा ठेवायचा. असं पाच महिने निभावलं, आणि निभावलं म्हणूनच त्यांना वाटलं की निभेल.

हे पहिल्यांदा घरी कळलं. काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळ्या गल्लीचे ते घड्याळजी. दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती, तरी खिडकीशी टेबल मांडून डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर बसलेले असत. चहाचा कप ठेवताना काकूंचा हात त्यांच्या भिंगाखाली आला.

"हे काय?" त्यांनी मनगट धरलं. मसुराएवढे तीन लाल डाग होते, एक जुना, दोन ताजे.

"काही नाही. शिंतोडे उडतात."

"सगळे एकाच जागी?"

काकूंनी हात सोडवून घेतला आणि त्या आत गेल्या. घड्याळजींनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवशी हातातलं घड्याळ त्यांच्याकडून जुळलं नाही.

पुढच्याच मंगळवारी ते झालं.

वॉर्डात एक मास्तर होते. निवृत्त गणितमास्तर. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती, जिभेचा अर्धा भाग आणि गालही त्यातच. बोलणं जड, शब्द दोनचारच. त्यांना भरवायला कामावरची एक मुलगी होती. एका खाटेकडून दुसरीकडे ती कधी चालत गेली नाही, गिरकीच घ्यायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. मास्तर इतर कोणाच्या हातून दोन घास खात आणि भिंगरीच्या हातून वाटी संपवत.

त्या मंगळवारी बटाट्याचं दाट सूप होतं. दाट सूप लबाड असतं. वर साय धरतं, वाफ दाखवत नाही, आणि आत आग राखून ठेवतं. त्यात पातेल्यावर झाकण राहिलं होतं. काकूंनी बारा वीसला थेंब सोडला, वाफ दिसली नाही, मान हलवली. भिंगरीने गाडी नेली. मास्तरांनी अर्धी वाटी खाल्ली, काही बोलले नाहीत, कारण गेलेल्या बाजूला त्यांना काही लागतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तोंड पुसायला घेतलं तर जिभेवर आणि गालात आतून फोड.

मेट्रनबाईंनी सगळ्यांना बोलावलं. भिंगरी म्हणाली, "काकूंनी मान हलवली होती. मी लगेच नेलं, लगेच भरवलं." हे ऐकूनही खोलीत कोणालाच काकूंविषयी शंका आली नाही. काकूंची मान चुकेल हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. मेट्रनबाई म्हणाल्या, "काकूंवर ढकलू नकोस. स्वतः फुंकर मारून बघायला काय झालं होतं?" भिंगरीला लेखी ताकीद मिळाली. आणखी एक चूक झाली की घरी. भरवण्याचं काम काढून तिला खाली कपडे धुण्याच्या खोलीत पाठवलं.

काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मूग गिळले. बाहेर पडताना भिंगरीच काकूंना म्हणाली, "रागवू नका हं काकू, तुमचं नाव मध्ये घेतलं. घाबरले मी."

तो दिवस काकू आयुष्यात विसरल्या नाहीत. पोरीने उलट माफी मागितली होती.

घरी येऊन त्यांनी यजमानांना हाताचं सांगितलं. मास्तरांचं सांगितलं नाही. घड्याळजींनी टाचणीचं टोक एकेका बोटाला लावून पाहिलं, आणि सात बोटांपर्यंत उत्तर आलं नाही तेव्हा टाचणी ठेवून दिली. मग म्हणाले, "उद्या थर्मामीटर आणू."

भांड्यांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "ताप बघायचा असेल तर औषधांच्या दुकानात मिळेल."

"सुपाचा ताप बघायचाय," काकू म्हणाल्या.

त्याने तीन काढून ठेवले. एक मोठ्या तबकडीचा, काट्याचा. काकूंना तोच आवडला, आकडे लांबून दिसत होते. घड्याळजींनी तो हातात घेतला, उलटा केला आणि ठेवून दिला. दुसरा पेनासारखा. तिसरा दुमडता येणारा, बारीक सुईचा. मग घड्याळजींनी दुकानदाराला असं काही मागितलं की काकूंना तोंड लपवावंसं वाटलं. "एक पेला बर्फ द्या. बारीक करून. आणि थोडंच पाणी."

"आजोबा, सरबत नाही मिळत इथे."

"घड्याळ घेताना चालतं का ते बघून घेतो ना माणूस? मग?"

समोरच्या रसवाल्याकडून बर्फ आला. गिऱ्हाइकं गोळा झाली. घड्याळजींनी पेला ढवळला आणि एकेक सुई मध्यात धरली, काचेला न टेकवता. ठोकलेल्या बर्फाच्या पाण्यात आकडा शून्य यायला हवा. तबकडीवाल्याचा काटा अर्धं मिनिट डुलत डुलत येऊन चारवर बसला. पेनवाला बारा सेकंदांनी एकवर आला. दुमडणाऱ्याने तीन सेकंदांत शून्य दाखवलं, बाहेर काढून पुन्हा घातला तेव्हाही शून्यच.

"हा," घड्याळजी म्हणाले. "सुई बारीक आहे, म्हणून लवकर तापते. माप टोकातच आहे, त्यामुळे तळाला टेकवायचा नाही, नाहीतर भांड्याचा आकडा येईल. आणि प्रत्येक वेळी धुवायचा. कच्च्या कोंबडीतून काढलेला सुपात घातलास तर मास्तर कशाला, सगळा वॉर्ड झोपेल."

काकू दचकल्या. मास्तरांचं नाव त्यांनी काढलंच नव्हतं. पण शुश्रूषागृहातली बातमी गल्लीत यायला किती वेळ लागतो? घड्याळजी दुसरीकडे बघत पेल्यातला बर्फ ओतून देत होते.

दुसऱ्या दिवसापासून थर्मामीटर काकूंच्या ॲप्रनच्या खिशात गेला. सुपाची वाटी घेऊन त्या कोठीच्या कपाटामागे जायच्या, सुई बुडवायच्या, आकडा बघायच्या, सुई धुऊन खिशात टाकायच्या. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर मनगटावर थेंब सोडायच्या, डोळे मिटायच्या आणि मान हलवायच्या. भरवायच्या वाटीला पंचावन्न अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. कोंबडीही मापून पाहिली, जाड भागात, हाडापासून दूर. नेहमीच्या अंदाजाने "झाली" म्हटलं त्या क्षणी मापली तर शहात्तर. हवे असतात पंचाहत्तर. काकूंना बरं वाटलं. डोळे शाबूत होते, नाक शाबूत होतं. गेली होती ती फक्त कातडी.

आता पुन्हा तसं होणार नाही, मग बोलून काय उपयोग, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

कपाटामागच्या फेऱ्या मात्र लपल्या नाहीत. कांदा चिरणाऱ्याने आठ दिवसांत शोध लावला की काकू चोरून गोड खातात. बातमी वर गेली. मेट्रनबाईंनी बोलावून दार लोटून घेतलं.

"काकू, साखर आहे तुम्हाला. कपाटामागे काय चालतं?"

काकूंचा हात खिशातल्या थर्मामीटरवर होता. "चॉकलेट," त्या म्हणाल्या.

"या वयात?"

"सवय आहे."

शिव्या खाऊन बाहेर आल्या आणि हसू येईल म्हणून पदर तोंडाला लावला, तर आलं रडू. इतकी वर्षं ज्या बाईच्या शब्दावर गाडी हलली तिने चॉकलेटवर वेळ मारून नेली होती.

मास्तर खात नव्हते. नव्या मुलीने चमचा जवळ नेला की ते ओठ घट्ट मिटून घेत. फोड बरे झाले होते, तरी मिटत. वाटी भरलेली परत येई. काकू ती वाटी स्वतः रिकामी करत, दुसऱ्या कोणाला करू देत नसत. कपडे धुण्याच्या खोलीवरून जाताना त्यांना भिंगरी दिसे. ती तिथे चालत असे, गिरक्या घेत नसे.

पुन्हा मंगळवार आला आणि पुन्हा बटाट्याचं सूप. काकूंनी ठरवून केलं. तेवढेच बटाटे, तेच पातेलं, बाराला उतरवलं, झाकण ठेवलं, सव्वाबाराला एक वाटी भरली, बारा वीसला कपाटामागे सुई बुडवली. तळाला टेकू दिली नाही. आकडा चढत गेला आणि थांबला. चौऱ्याहत्तर.

सुई धुऊन पुन्हा बुडवली. चौऱ्याहत्तर.

वर साय धरली होती. वाफ नव्हती.

आतापर्यंत त्यांच्या मनात कुठेतरी एक फट होती. कदाचित पोरीनेही घाई केली असेल. कदाचित थोडं तिचं, थोडं आपलं. ती फट आता बुजली. हे सूप कोणाच्याही हातात दिलं असतं तरी मास्तर भाजलेच असते.

त्या दिवशीच्या गाडीतल्या वाट्या त्यांनी पंचावन्नला आणून पाठवल्या, ॲप्रन तसाच ठेवला आणि सरळ मेट्रनबाईंच्या खोलीत गेल्या. थर्मामीटर टेबलावर ठेवला.

"हे चॉकलेट," त्या म्हणाल्या.

मग सगळं सांगितलं. पाच महिन्यांचं. मनगटाचं. मान खोटी हलवल्याचं. "त्या पोरीचा कागद फाडा. चूक माझी होती. तिने खरं सांगितलं आणि मी तिथे उभी राहून ऐकत होते."

मेट्रनबाईंनी थर्मामीटर उघडून पाहिला आणि मिटून ठेवला. मग विचारलं, "काकू, तुम्हाला काढलं तर?"

"तर काढा," काकू म्हणाल्या.

काढलं नाही. ताकीद मिळाली, लेखी, आणि ती काकूंनी घरी नेऊन घड्याळजींच्या टेबलावर ठेवली. त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचली. "सही चांगली आहे मेट्रनबाईंची," एवढंच म्हणाले, आणि काकूंच्या मनगटाला मलम लावून दिलं.

भिंगरीला दुसऱ्या दिवशी वर बोलावलं. सगळ्यांदेखत काकूंनी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतली. "बरं," म्हणाली. लोकांना वाटलं होतं ती काकूंच्या गळ्यात पडेल. तिने तसलं काही केलं नाही, आणि का करावं?

दुपारी ती गाडीशी येऊन उभी राहिली. काकूंनी मास्तरांच्या वाटीत सगळ्यांसमोर सुई धरली. भिंगरी पुढे वाकली आणि स्वतःच्या डोळ्यांनी आकडा वाचला. बावन्न. काकूंची मान सवयीने हलली.

"मान नका हलवू, काकू," भिंगरी म्हणाली आणि गाडी घेऊन गेली.

मास्तरांनी त्या दिवशी ओठ उघडले. वाटी रिकामी परत आली. काकूंना तेवढं पुरलं असतं तर बरं झालं असतं, पण पुरलं नाही. रोज दुपारी भिंगरी यायची, वाकायची, वाचायची, जायची. बोलायची काही नाही. काकू सुई धरायच्या आणि मान ताठ ठेवायच्या, इतकी की घरी गेल्यावर दुखायची. मनगटावर थेंब सोडणं बंद झालं. कांदा चिरणाऱ्याने एकदा "थेंबकाकू" म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली.

असे दोन महिने गेले. एका दुपारी भिंगरीच्या दोन्ही हातांत ताटं होती. ती दारातूनच गिरकी घेत आली, गाडीपाशी पाठ करून ताटं रचू लागली आणि वळून न बघता तिने विचारलं,

"काकू, किती?"

काकूंनी आकडा बघितला. मग तिच्या पाठीकडे बघितलं. ती वळत नव्हती.

"अठ्ठावन्न," काकू म्हणाल्या. त्यांनी चमचा उचलला. "अठ्ठावन्न. थांब."

भिंगरी थांबली. काकू वाटी ढवळत राहिल्या.

"चौपन्न. जा आता."

आणि ती गेली.