फटफटीचा दावा आणि मळ्यातला घास

वादी : खापरावरचे मांडे करणारी एक बाई, वय अंदाजे पस्तीस, राहणार धरणगावाजवळचे एक खेडे. प्रतिवादी : जळगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठचा थोरला मुलगा, धंदा काही नाही. घटनेचे ठिकाण : एरंडोलहून धरणगावाकडे येणारा रस्ता, ओढ्याच्या अलीकडचा उतार. घटनेची वेळ : माघ महिना, लग्नसराई, ऊन नुकते चढलेले. वादीचे साक्षीदार : पहिला, वादीचा नवरा, दुसरा, वादीचा थोरला दीर, तिसरा, त्याच गावचा एक गाडीवान. प्रतिवादीचे साक्षीदार : कोणी नाही, आणि त्यांची गरजही पडली नाही.

नावे मी मुद्दाम लिहीत नाही. ज्याची त्याला ती ठाऊक आहेत, आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

त्या काळी मी तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात स्टँपवाल्याच्या खिडकीशेजारी बसून अर्ज लिहीत असे. माझे शिक्षण मराठी पाचवीपर्यंतचे. तथापि पदवीधर वकीलसुद्धा दाव्याचा मजकूर शुद्ध मराठीत हवा असला की कारकुनाला माझ्याकडे पिटाळत, ही गोष्ट त्या आवारातला पट्टेवालाही सांगेल. या बाईचा दावाही मीच लिहिला. खाली सही वकिलाची असली तरी त्यातला शब्द न् शब्द माझा होता.

प्रकरण असे. ही बाई मांडे करण्यात आमच्या भागात एकच. पुरणाने भरलेला उंडा ती दोन्ही हातांवर झेलत झेलत मनगटापासून कोपरापर्यंत पसरवी आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर असा टाकी की कुठे चीर नाही, कुठे गाठ नाही. सावद्यापर्यंतच्या लग्नघरांतून तिला बोलावणी येत. त्या दिवशीही ती एका लग्नघरीच निघाली होती. ती पुढे, रस्त्याच्या डाव्या कडेने, अगदी मातीतून चाललेली. तिच्या मागे काही अंतरावर नवरा आणि दीर. त्यांच्या मागे गाडीवानाची रिकामी गाडी. शेठचा मुलगा मागून फटफटी घेऊन आला. आपल्याला ती कशी साधली आहे हे दाखवण्यासाठी त्याने उतारावर दोन्ही हात सोडले होते. या तिघांना ओलांडून तो थेट बाईच्या पाठीत शिरला. बाईने फटफटी पाहिलीच नाही. तिला आठवत होती ती फक्त तोंडात गेलेली माती.

उजवा हात कोपरात मोडला आणि बरा होताना तसाच ताठ राहिला. कमरेचे हाड सरकले. दोन हातांवर पसरायचा मांडा एका हातावर होत नाही. हे मी दाव्यात एका स्वतंत्र कलमात लिहिले होते, आणि ते वाचून आमच्या वकिलांनी मान डोलावली होती.

प्रतिवादीची कैफियत अशी आली की बाई एकाएकी रस्त्याच्या मध्ये धावली. म्हणजे सगळा भार आमच्या तीन साक्षीदारांवर. दोन्ही हात सोडलेले त्या तिघांनीच पाहिले होते. माझ्यासमोर बसून त्यांनी ते तीनतीनदा सांगितले. गाडीवानाने तर माझ्या चटईवर उठून, हात पसरून करूनही दाखवले होते. मी निश्चिंत होतो. माणसाने पाहिलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांतून कोणी काढून घेऊ शकत नाही, असे मला तेव्हा वाटे.

सुनावणी पुढच्या पौषात लागली. तारखेच्या दोनतीन दिवस आधी नवरा आणि दीर माझ्याकडे आले. दोघांचेही चेहरे खुललेले.

"नाना," नवरा म्हणाला, "शेठनी मळामा भरीत खावाले बलावं शे. आमले बठ्ठासले, तिन्ही साक्षीदारसले."

"कशाबद्दल?"

"चूक कबूल करी ऱ्हायना तो," दीर म्हणाला. "आनखी कसाबद्दल?"

बाहेरच्या वाचकांसाठी येथे खुलासा करणे मला भाग आहे. आमच्या खेड्यांत कोणाच्या हातून कोणाचे नुकसान झाले, बांधावरून डोके फुटले, किंवा बैलाने पोर तुडवले, तर चूक ज्याची तो दुसऱ्या पक्षाला आपल्या शेतात जेवायला बोलावतो. थंडीचे दिवस असले की भरीत आलेच. पहिला घास यजमान स्वतःच्या हाताने भरवतो. त्या घासाचा अर्थ एकच : चूक माझी. मग पंच बसतात आणि काय भरून द्यायचे ते ठरवतात. घास घेतल्यावर मात्र कोणी त्या घराविरुद्ध तोंड उघडत नाही.

मी त्यांना बजावले. "आधी शेठची कागदावर सही घ्या. मजकूर मी लिहून देतो. त्यानंतर काय खायचे ते खा."

"तुमना कागद बाजूले ठेवा, नाना," दीर म्हणाला. "जेवाले बलावं आनि आपन सही मांगसूत? लोके तोंडमा शेण घालतीन."

"आणि बाई? तिला नेणार की नाही?"

यावर नवरा हसला, जणू मी पोरकट काही विचारले. "बाईमानूस पंगतमा कथी बसस? तिना कडथून मी शे ना."

पंगतीला मी गेलो. जेवायला नव्हे, नजर ठेवायला. मळा जळगावच्या वाटेवर, विहिरीला भरपूर पाणी, केळीची बाग लागलेली. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून त्यात हिरवी वांगी टाकली होती. साले फुटून रस निखाऱ्यांवर गळत होता. मग ती सोलून, मिरच्या-लसूण घालून लाकडी बडगीत कुटली. कढत तेल वरून ओतले तेव्हा तिन्ही साक्षीदार एकदमच पुढे वाकले. भरीत मलाही आवडते. पण त्या दिवशीचा तो धूर आणि तेल माझ्या अंगरख्यातून धुऊनही लवकर गेले नाही, आणि तेव्हापासून भरिताचे ताट समोर आले की मी भाकरी नुसत्या चटणीशी खातो.

प्रतिवादी मुलगा तेथे नव्हता. तो म्हणे पुण्याला गेला होता. शेठने केळीच्या पानावरून घास उचलला आणि नवऱ्याच्या तोंडात घातला.

"झालं ते झालं, भाऊ."

नवऱ्याने डोळे मिटून घास गिळला. मग दिराला घास, मग गाडीवानाला. गाडीवानाला ठसका लागला तसा दीर म्हणाला, "तिखट लागनं का रे?"

"शेठना हातनं शे. तिखट कसाले लागी?" गाडीवान डोळे पुसत म्हणाला, आणि सगळे हसले.

मी बांधावरच उभा होतो. शेठने मला पाहिले. "अर्जनवीस, या, बसा. की भरितालाही स्टँप लावून देऊ?"

हशा मोठा झाला. मी ताडकन विचारले, "शेठजी, या घासाने तुमच्या मुलाची चूक कबूल झाली, असेच ना?"

"अहो, जेवताना कोर्टाच्या गोष्टी काढू नयेत. अन्नाचा अपमान होतो." आणि त्यांनी दिराला आणखी भरीत वाढले. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीने पान पुसून पुसून तिघे जेवले. हनुवटीवरून तेल ओघळत होते. पंच मात्र कोणी बसले नाहीत. काय भरून द्यायचे याची गोष्ट कोणी काढली नाही. मी काढली तेव्हा नवरा म्हणाला, "आते आज नको, नाना. चांगलं नही दिसाव." ढेकर देत देत ते गाडीत बसले.

सुनावणीच्या दिवशी बाईला गाडीत घालून आणले. ती कोर्टाच्या दारात भिंतीला टेकून बसली. ताठ हात मांडीवर, काठीसारखा. प्रतिवादीतर्फे धुळ्याहून एक वकील आणला होता, गोरा, मृदू बोलणारा. त्याला फारसे काही करावे लागले नाही. आधी आमच्याच वकिलांनी सरतपास घेतला.

"प्रतिवादीचे हात फटफटीच्या दांड्यावर होते की सुटलेले?"

"माले ठाव नही, साहेब," नवरा म्हणाला.

"तुम्ही पाहिलेत ना?"

"मनं ध्यान वावरमा व्हतं."

दिराचे ध्यानही वावरात होते. त्या दिवशी त्या वावरात काय पिकले होते देव जाणे. गाडीवान म्हणाला, "मी झोपेल व्हतू."

"गाडी हाकताना?"

"बैलसले रस्ता ठाव शे, साहेब."

कोर्ट हसले. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाशी नेला. आमच्या वकिलांना घाम फुटला होता. मी मागून चिठ्ठी पुढे सरकवली. त्यावरून त्यांनी दिराला पुन्हा पुढे बोलावून विचारले, "तुम्ही प्रतिवादीच्या मळ्यात जेवलात की नाही?"

"जेवनूत."

"कशाबद्दल?"

"भूक लागनी व्हती."

पैसे खाऊन उलटलेला साक्षीदार मी पुष्कळ पाहिला आहे, आणि त्याची लाज मला समजते, कारण ती त्याच्या तोंडावर दिसते. या तिघांच्या तोंडावर लाजेचा मागमूस नव्हता. उलट एक समाधान होते. घास घेतल्यावर त्या घराविरुद्ध बोलणे वाईट, एवढे त्यांनी पाळले होते. आपण सज्जनासारखे वागलो, असेच त्यांना वाटत होते.

धुळ्याच्या वकिलाने उलटतपासात नवऱ्याला एकच प्रश्न विचारला. "भांडण मिटलं आहे ना?" नवऱ्याने होकारार्थी मान हलवली. साक्षीपुरावा नाही म्हणून दावा रद्द झाला. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. समोर तीन माणसे काही पाहिले नाही म्हणत असता ते काय करणार?

बाहेर बाईला निकाल मीच सांगितला, कारण दुसरे कोणी पुढे होईना. तिने नवऱ्याकडे पाहिले.

"हात मना मोडना," ती म्हणाली, "आनि घास तुम्ही खादा?"

"तुनासाठेच खादा ना."

"कसा लागना?"

नवरा गाडीतले गवत सारखे करू लागला. दीर म्हणाला, "चाल, गाडीमा बस. ऊन व्हयनं." तिला उचलून गाडीत ठेवताना तिघांनीही हात लावला, हे मी नमूद करतो.

त्यानंतर अपील करण्याविषयी मी वकिलांना दोनदा सुचवले. ते म्हणाले, कशाच्या आधारावर? लग्नघरांची बोलावणी दुसऱ्या गावच्या एका बाईकडे गेली, आणि तिचे मांडे जाड असतात अशी तक्रार मी तीन पंगतींत ऐकली. आमची बाई ओसरीवर बसून दुसऱ्यांचे तांदूळ निवडते, एका हाताने. नवरा तिला वेळेवर जेवायला घालतो. मला विचाराल तर मला त्याच्या घरचे पाणी पिववत नाही.

कायद्याची मुदत कधीच संपली. भरपाईची मागणी आता कोणाकडे करता येत नाही आणि मी ती करीतही नाही. सबब, खाली लिहिल्याप्रमाणे अर्ज करतो.

जिनवाले शेठ यांस विनंती की, त्यांनी भरवलेल्या घासाचा अर्थ, जो आमच्या सर्व खेड्यांत एकच आहे, तो त्यांना मान्य आहे किंवा नाही, हे लेखी कळवावे. मान्य असल्यास, ज्या बाईचा हात गेला तिच्या दारात येऊन, त्याच तीन माणसांसमोर, चूक कोणाची हे एकदा तोंडाने सांगावे. मान्य नसल्यास, तिघांना कोणत्या कारणाने जेवायला बोलावले तेही कळवावे.

आमच्या भागातील समस्त पंच मंडळींस विनंती की, ज्याच्या अंगाला जखम झाली त्याच्याऐवजी दुसऱ्याने घास खाल्ला असता तो घास पोचला असे धरावे काय, याचा निकाल द्यावा. बाई अद्याप हयात आहे व आपले म्हणणे स्वतः सांगू शकते. तिला विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

उत्तर यावे. न आल्यास, उत्तर नाही असे समजले जाईल.