दोघांनी बघितलेले पक्षी

तळ्यावर जाणाऱ्या माणसाकडं किस्से इतके कसे साठतात, असं मला बँकेतल्या बायका विचारायच्या. सोपं आहे की! पक्षी बघायला गेलं की पक्षी दिसतात दोन मिनिटं आणि माणसं दिसतात दोन तास. मग साठणार काय?

आमचं मंडळ तिघांचं. ड्रॉइंगचे जाधव सर, ज्यांच्याकडं दुर्बीण होती. शाहूपुरीतले गुळाचे अडते अण्णा, ज्यांच्याकडं स्कूटर होती. आणि मी, जिच्याकडं रविवार होता. आई गेल्यावर मी एकटीच राहायचे आणि रविवारची सकाळ मला खायला उठायची. खोटं कशाला बोलू, पक्ष्यांची हौस मला नंतर लागली. आधी फक्त कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. नव्वद सालानंतरची गोष्ट ही. दिवाळी झाली की कळंब्याच्या तळ्यावर लांबून लांबून बदकं यायची आणि आम्ही तिघं राजारामपुरी-शाहूपुरीतून यायचो.

* * *

पहिल्याच हिवाळ्यात सर एका रविवारी छाती फुगवून आले. म्हणाले, "काल संध्याकाळी मी कैकर बघितला! पायात हा एवढा मासा!" कैकर म्हणजे मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी.

अण्णांनी विचारलं, "बरोबर कोण हुतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"मग न्हाय धरायचा! आमच्या अडतीत गुळाचं वजन दोघांनी बघितल्याबिगर धरत न्हाईत. बघणारा एकटा असला की त्याला पाहिजे तेच दिसतंय!"

सर असले चिडले! पार परत निघाले होते. पण अण्णांनी नियम केला तो केलाच. पक्षी दोघांनी बघितला तर तो हिवाळ्याच्या आकड्यात धरायचा. एकट्यानं बघितला तर आपला आपल्यापाशी ठेवायचा.

* * *

या नियमानं पुढं काय घोटाळा केला ते ऐका.

धुकं होतं. पाण्यात लांब काहीतरी काळपट, चपटं तरंगत होतं. एक टोक वर आलेलं. सर म्हणाले, "मान आखडून झोपलाय. हा आपल्याकडचा नाही. साधारण सायबेरिया!" मी दुर्बिणीतनं बघितलं, मलाही मान दिसली. अण्णांनी बघितलं, त्यांना तर चोचसुद्धा दिसली! अर्धा तास आम्ही कुजबुजत बोलत होतो, तो उठू नये म्हणून. सरांनी तेवढ्यात चित्र काढलं.

धुकं उठलं. पायताण होतं. चांगलं चामड्याचं कापशी, डाव्या पायाचं!

मी हसून हसून खाली बसले. सर चित्र फाडायला निघाले, तर अण्णांनी त्यांचा हात धरला. "फाडू नका, सर. तिघांनी बघितलंय. नियम म्हणजे नियम!"

त्या हिवाळ्याच्या आकड्यात एक पायताण आहे. विश्वास ठेवा.

* * *

एकदा मी फार लवकर पोचले. पाण्याच्या अगदी कडेला उभी राहून थापट्या बदकं बघत होते. तेवढ्यात मागनं आरोळी आली, "ओ ताई! मागं सरा! मागं सरा आधी!"

वळून बघते तर तालमीतला एक पैलवान. पळायला आलेला, अंगातनं वाफ निघतेय.

"काय झालं असंल ते घरात बसून मिटवू! जीव काय वर आलाय व्हय?"

"अहो, मी बदकं बघतेय."

"बदकं बघताना कोण रडतंय?"

थंडीनं माझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं. थंडीनंच. पण त्याला ते काही पटेना. मला एकटीला सोडून जायला तयार नाही आणि बोलायला तर काही विषय नाही. शेवटी तो म्हणाला, "तुमचं माणूस येईपर्यंत मी हितंच हाय," आणि माझ्या शेजारी बैठका मारायला लागला! अण्णांची स्कूटर येईपर्यंत मारत होता.

जाताना अण्णांना दम दिला त्यानं. "पावणं, बाईमाणसाला असं एकटं सोडत जाऊ नका. एकट्या माणसाचा कुठंबी तोल जातोय."

अण्णा बिचारे "न्हाय सोडणार, न्हाय सोडणार" म्हणाले. मला त्या दिवशी उगीचच बरं वाटलं. त्यानंतर अण्णा नेहमी माझ्याआधी पोचायचे.

* * *

ऊन वर आलं आणि बदकं मधे सरकली की सर बारीक जिवांकडं वळायचे. काठीला चहाची गाळणी बांधलेली. कडेच्या शेवाळातनं ती फिरवायची आणि जे येईल ते पांढऱ्या ताटलीत सोडायचं. गोगलगायी, चतुराच्या अळ्या, पाण्यावर गरगर फिरणारे काळे भुंगे. अण्णा लिंगायत घरातले, त्यामुळं त्यांची सक्त ताकीद असायची, "जेवढं काढलं तेवढं जिवंत परत पाण्यात!" आणि ते शेवटी खरंच मोजून घ्यायचे.

एका रविवारी काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, पण आल्या होत्या. ताटलीत एक पाणढेकूण आला, पाठभर अंडी चिकटलेला. सरांनी कौतुकानं माहिती दिली, "हा नर बरं का. मादी याच्या पाठीवर अंडी घालते आणि जाते. पिल्लं निघेपर्यंत हा वागवतो."

काकूंनी ताटली हातात घेतली. नीट बघितलं. मग सरांकडं बघितलं.

"दोन पोरं झाली आपल्याला. शेंबूड तरी पुसलात का कधी?"

पुढच्या रविवारी चहाचा थर्मास, सतरंजी, डब्याची पिशवी, सगळं सरांच्या खांद्यावर! अण्णा लांबूनच मला हाक मारून ओरडले, "अक्का, बघ बघ! नर आला!"

* * *

मग सर आणि काकू पुण्याला गेले, मुलाकडं. मुलगा म्हणाला, या वयात तिथं कशाला एकटे राहताय. आता एकटं कोण राहिलं ते त्याला काय माहीत! अण्णांच्या दुकानात फोन होता, त्यावर सरांचा रविवारी दुपारी फोन यायचा.

"इथं काय, गॅलरीतनं पारवे दिसतात नुसते."

अण्णा विचारायचे, "दोघांनी बघितलं?"

"हो, हिनंही बघितले."

"मग धरा की!"

दर रविवारी हेच बोलणं आणि दर रविवारी दोघं फोनवर तेवढंच हसायचे. पुढं एका पावसाळ्यात काकू गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या फोनला अण्णांनी सवयीनं पारव्यांचं विचारलं.

"आहेत," सर म्हणाले. "पण आता धरता येत नाहीत."

अण्णांनी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिले. नंतर सरांचे फोनही कमी होत गेले.

* * *

राहिलो आम्ही दोघं. नियमापुरते होतो, म्हणून चाललं होतं.

एका सकाळी बांधावर धुक्यात कुणीतरी वाट अडवून उभं होतं. अण्णा पुढं झाले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "पावणं, जरा बाजूला व्हता का?"

म्हैस होती!

मी अशी हसले, अशी हसले, तलावाच्या पलीकडची बदकं उडाली. आणि मग लक्षात आलं की अण्णा हसत नाहीत. धुकं काही एवढं दाट नव्हतं. म्हैस चार पावलांवर होती.

काचबिंदू. डॉक्टरांनी कधीच सांगितलेलं. अण्णांनी मला हिवाळाभर कळू दिलं नव्हतं; स्कूटर बिघडलीय म्हणून सांगून रिक्षानं यायचे.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी घरी गेले, तर म्हणाले, "आंधळ्यानं तळ्यावर येऊन काय करायचं? माशा मारायच्या? तू जात जा, अक्का. मला आकडा सांगत जा."

मी जायची. फोनवर ते विचारायचे, "आज किती?" मी सांगायची, "शून्य." समोर तळं भरून बदकं असायची. पण बघणारी मी एकटी, तर आकडा शून्यच. सबंध दोन हिवाळे शून्य! कधी कधी वाटायचं, आपणच कुणाला दिसत नाही, तर आपल्याला तरी कोण धरणार?

* * *

तिसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी, समोरच्या गाळावर पट्टकदंब उतरला. हिमालय ओलांडून येणारा हंस. पांढरं डोकं, त्यावर मागं दोन काळ्या रेघा. सरांनी ज्याच्या नावानं इतकी वर्षं उसासे टाकले, तो! एकटाच उभा होता, थकल्यासारखा.

मी पळत चहाच्या टपरीवर गेले आणि डब्यात रुपया टाकून फोन लावला.

"अण्णा, पट्टकदंब!"

 "बघितला कुणी दुसऱ्यानं?"

"कुणी नाही. तुम्ही या."

"मी येऊन काय..."

"या, अण्णा," मी म्हटलं. रडकुंडीला आले होते, लाज कसली सांगायला. "मला एकटीला नको तो."

अण्णा रिक्षानं आले. माकडटोपी, काळा गॉगल, हातात काठी. रिक्षावाला त्यांना उतरवत होता, तेवढ्यात दोन कुत्री गाळात शिरली. हंस उठला, तळ्यावरनं एक फेरी मारली आणि कात्यायनीच्या डोंगराकडं निघून गेला. मी बघत राहिले. पार ठिपका होऊन संपेपर्यंत.

अण्णा काठी टेकत शेजारी आले. धापा टाकत होते.

"हाय का अजून?"

गाळ रिकामा होता.

"आहे, अण्णा."

"कुठं?"

मी त्यांचे खांदे धरून त्यांना गाळाकडं वळवलं. "समोर. त्या गाळावर. एकटाच आहे."

अण्णांनी गॉगल काढला. धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला, परत घातला. मान थोडी पुढं काढली आणि पाण्याकडं बघत राहिले. किती तरी वेळ. 

"एकटा?" अण्णा एकदम ओरडले. "अगं अक्का, जोडी हाय की ती! डोळं तपासून घे जरा तुझं!"

मी त्या रिकाम्या गाळाकडं परत एकदा नीट बघितलं.

"दोन धरते, अण्णा."