प्रश्नचिन्हाला नंबर नसतो

फाइल परत करायची त्याची एक पद्धत होती. कोपरा दोन बोटांत धरायचा, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा, आणि हात लांब करून तसाच उभा राहायचा. टेबलावर ठेवणार नाही, हाक मारणार नाही. आपण खुर्चीतून उठून ती घ्यायची, तेव्हा कुठं हात खाली यायचा. आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही चौघी दिवसभर अशा उठाबशा काढायचो.

तो आमचा रेकॉर्ड रूमचा साहेब. तोंडावर आम्ही त्याला सर म्हणायचो, माघारी ‘तो’. आता निवृत्त होऊन गेलाय म्हणून मी इथं ‘ते’ लिहीन असं वाटत असेल तर विसरा. तुमच्याही ऑफिसात असा एक नमुना असणारच. त्याला डोळ्यांपुढं ठेवा आणि वाचा.

आमचं काम थोडक्यात सांगते. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडं येते. ती वाचून आजाराला ठरलेला नंबर द्यायचा. मेंदूच्या आवरणाला सूज आली, म्हणजे मेनिंजायटिस झाला, तर जिवाणूनं झाला त्याचा नंबर वेगळा, विषाणूनं झाला त्याचा वेगळा, टीबीनं झाला त्याचा आणखी वेगळा. कशानं झाला तेच कळलं नाही, तर त्यालाही एक नंबर आहे. डॉक्टरांना मात्र एक खोड. खात्री नसली की आजाराच्या नावाआधी प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढच्या कॉटकडं जायचं. अशी फाइल त्याच्यापुढं गेली की दोन बोटांत लटकत परत आलीच म्हणून समजा. “प्रश्नचिन्हाला नंबर नसतो,” एवढंच तो म्हणायचा.

एकदा माझ्या शेजारणीनं रजेच्या अर्जात ‘अंगात कणकण वाटते’ असं लिहिलं. त्यानं अर्ज परत केला. ताप आहे की नाही ते नक्की लिहा म्हणाला. ती बिचारी घरी जायचं सोडून थर्मामीटर शोधत ओपीडीत फिरली. आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत एकदा तो बायकोसोबत दिसला, तर तिथंही भजीवाल्याला तेल कधीचं आहे ते विचारत होता. वहिनी लांब उभ्या राहून आकाशपाळणा बघत होत्या. मला त्यांची लई कीव आली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण मग ती टॉवेलच्या कारखान्यातली बाई आली.

शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली होती. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला जायची. ताप, उलट्या आणि मान ताठ झाली म्हणून ॲडमिट झाली. पाठीतलं पाणी काढलं, त्यात जिवाणू काही सापडले नाहीत. डॉक्टरांनी विषाणूचाच धरला आणि आठवड्याभरात बाई ठणठणीत होऊन घरी गेली. फक्त विषाणूच्या तपासणीचा रिपोर्ट पुण्याहून यायचा होता, म्हणून डॉक्टरांनी फाइलमध्ये ‘व्हायरल’च्या आधी प्रश्नचिन्ह टाकलं. पक्कं डिस्चार्ज कार्ड आमच्याकडून निघतं. प्रश्नचिन्हाला नंबर नाही, म्हणून यानं ‘कळलं नाही’चा नंबर लावला आणि त्यावर छापलं, मेनिंजायटिस, कारण अनिश्चित.

कारखान्यातल्या सुपरवायझरनं ते वाचलं आणि तिला गेटवरच अडवलं. कशानं झालं तेच माहीत नाही, उद्या बाकीच्या बायकांना लागलं म्हणजे? कारण लिहून आण, मगच ये.

ती आमच्या खिडकीशी आली. “सर, मी बरी हाय की. व्हायरल म्हणून लिवा, मला कामावर घेतील.”

तो म्हणाला, “रिपोर्ट आला की या.”

तोवर जागा राहणार नाही, असं ती सांगत होती. पण यानं तोंड फिरवलं होतं.

मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी फोन करून त्याला सांगितलं, काढून टाका ते प्रश्नचिन्ह. हा म्हणाला, फोनवरचं मी लिहीत नाही, लेखी द्या. डॉक्टरांना राग आला, त्यांनी फोन आपटला आणि विषय सोडून दिला. दोघांचा मान राहिला आणि बाईची नोकरी टांगणीला लागली. ती परत आली, पुन्हा परत आली. दर वेळी तेच उत्तर.

शेवटी मी म्हटलं, सर, निदान रिपोर्ट तरी मागवा. तर म्हणतो, “मागवणं आपलं काम नाही.”

रिपोर्टाशिवाय लिहिणार नाही आणि रिपोर्ट मागणारही नाही! त्या दिवशी मी मनात दिलेल्या शिव्या इथं छापता येणार नाहीत.

मी स्वतःच खाली लॅबमध्ये गेले. रिपोर्ट कधीच आला होता. वॉर्डात पाठवला, पेशंट घरी गेली म्हणून वॉर्डानं परत केला, आणि तो तिथंच ट्रेमध्ये पडून होता. विषाणू सापडला होता. मी तो कागद त्याच्या टेबलावर आपटला.

खरं ते सांगायला पाहिजे. वाचून त्याचा चेहरा उजळला. नवीन कार्ड त्यानं स्वतः टाइप केलं आणि स्वतःच्या मोबाइलवरून तिला फोन लावला. “बाई, तुमचं काम झालं. येऊन घेऊन जा,” म्हणाला. पोरीचं लग्न जमल्याची बातमी द्यावी असा आवाज होता. क्षणभर मला त्याच्याबद्दल बरं वाटलं, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. तो खुर्चीतून उठला, कार्डाचा कोपरा दोन बोटांत धरला आणि हात खिडकीतून बाहेर काढला. “घ्या. प्रश्नचिन्ह काढलंय.”

तिनं कार्डाकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

“जागा भरली, सर. आता घरी विड्या वळते. तितं कोण कागद मागत न्हाय.”

आणि पदर खोचून ती जिना उतरून गेली.

तो तसाच उभा राहिला. हात लांब, दोन बोटांत कार्ड. मग तो हळूच वळला आणि नेहमीसारखा हात आमच्याकडं धरला. बाकीच्या तिघींनी फायलींत डोकी घातली होती. माझी खुर्ची सगळ्यात जवळ होती. मी उठले नाही.