लाल गाडीचा घसा

आमच्या गॅरेजच्या मागे जुन्या सायलेन्सरचा ढीग आहे. कोणी मुद्दाम रचलेला नाही. आज एक टाकला, उद्या एक टाकला, आणि एक दिवस बघितलं तर मागची भिंतच दिसेना. किस्स्यांचंही आमच्याकडे असंच झालंय. शेजारणी भाजी निवडायला बसल्या की सुरू होतात, सांग ना तो धुराचा, सांग ना तो लाइट गेल्याचा. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आता लिहून काढते. सातवीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी घरातली माणसं सांगते. आम्ही भिवंडीत टेमघरला राहतो. खाली गॅरेज, वर आमची खोली. नवरा, म्हणजे संतोष, सायलेन्सरचं काम करतो. शेजारच्या भिंतीला भिंत लावून अन्सारीचाचांचे कापड विणायचे लूम, ते दिवसभर खडाखडा चालतात. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य लूमवर गेलं. आणि आमची तनू, दीड वर्षाची.

किस्से सगळे एकाच गाडीचे आहेत.

* * *

गाडी बंटीशेठची. बंटीशेठ मानकोलीचा. बापजाद्यांच्या शेतावर आता गोडाऊन उभी आहेत. माणूस दांडगा, आणि गाडी लाल, बुटकी, दोन सीटची, स्पोर्ट्स कार की काय म्हणतात ती. शेठ गाडीतून उतरत नाही, शर्ट काढावा तशी गाडी अंगातून काढतो.

पहिल्यांदा आला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. झालं असं, की ही गाडी घेऊन तो चुलतभावाच्या हळदीला गेला. मांडवासमोर मुद्दाम दोनदा रेस दिली. सगळी पोरं धावत येतील असं त्याला वाटलं. आली एक म्हातारी, त्याची आत्या. हात पुसत पुसत म्हणाली, "बंट्या, मिक्सर आनलास का रं? ये आतमदी, वाटान वाटाचा हाय."

तेव्हापासून शेठला घास गोड लागेना. दिसायला वाघ आणि आवाज मिक्सरचा! संतोषने गाडीखाली सरपटत जाऊन सगळं बघितलं, बाहेर आला आणि डॉक्टरसारखा म्हणाला, "शेठ, घसा बारीक आहे हिचा."

* * *

आता आवाज कसा पाहिजे, हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. सगळे तोंडाने काढून दाखवतात. शेठला समोर लाज वाटायची, म्हणून तो मोबाईलवर आवाज भरून पाठवायचा. संतोषचे हात सदा ग्रीसमध्ये, त्यामुळे मोबाईल माझ्याकडे. दिवसातून पाच-सहा वेळा मी ते घर्रर्र, हुम्म्म ऐकायचे आणि जिन्यावरून खाली ओरडायचे, "अहो, कालच्यापेक्षा आजचा जाड आहे."

एकदा तनूला वजनाला अंगणवाडीत नेलं होतं. वजन झालं. मग ताईंनी तिच्या पाठीमागून टाळी वाजवली. तनू मांडीवरच्या माळेशी खेळत होती, तिने मान वळवली नाही. ताईंनी नाव घेऊन हाक मारली. तरी नाही. ताईंनी परत टाळी वाजवली, मग मला बाजूला घेतलं, आणि म्हणाल्या की घाबरू नकोस, पण ठाण्याला मोठ्या दवाखान्यात हिच्या कानांची तपासणी करून घे. चिठ्ठी लिहायला लागल्या.

तेवढ्यात मोबाईल वाजला. गडबडीत कुठे बोट लागलं कोण जाणे. सगळ्या अंगणवाडीत आवाज घुमला, "घर्रर्र... खर्रर्र... हुम्म्म्म."

ताईंनी पेन थांबवलं. "घरात कोणी फार आजारी आहे का गं?"

तिथे मी हसले. परत येताना रिक्षात ती चिठ्ठी चार वेळा उघडून वाचली.

* * *

दवाखान्याने तारीख दिली तीन आठवड्यांनंतरची. तीन आठवडे कसे काढायचे? पोरीला ऐकू येतं की नाही, एवढं एकच मला कळायला हवं होतं, आणि तेच कळत नव्हतं. बाळ आमचं गोड हसायचं, चेहरा बघून हात पुढे करायचं, पण तोंडातून शब्द एक नाही. मला वाटायचं, ह्या गॅरेजनेच तिचे कान खाल्ले. ग्राइंडर सुरू झाला की मी तिच्या कानात कापूस घालायचे. ती तो काढून खायची.

मग मीच घरी तपासणी करायला लागले. तिच्या मागे जाऊन शिट्टी वाजव, डबा वाजव. एक दिवस तिला गॅरेजच्या दारात बसवलं आणि तिच्या पाठीमागे जाऊन स्टीलची परात डोक्याएवढ्या उंचीवरून खाली सोडली.

अन्सारीचाचा भिंतीपलीकडून धावत आले. रस्त्यावरचा एक स्कूटरवाला थांबला. संतोष लाल गाडीखाली होता, तो दचकून उठायला गेला आणि त्याचं कपाळ पाइपावर आपटलं.

तनू शांतपणे बिस्कीट खात होती.

संतोष कपाळ धरून बाहेर आला. मला वाटलं आता ओरडणार. तो आधी तनूकडे बघत राहिला, मग मला म्हणाला, "हिचं माहीत नाही, पण माझे कान चांगले आहेत. परत तपासू नकोस."

* * *

बाबांचं वेगळंच. त्यांना फार कमी ऐकू येतं. लूमवाल्या म्हाताऱ्यांचं बहुतेक असंच असतं, भांडण नसलं तरी भांडल्यासारखे बोलतात. पण बाबा तळहाताने ऐकतात. चालू लूमवर हात ठेवून ते सांगायचे, कुठला बोल्ट ढिला आहे. आता सायलेन्सरवर ओलं फडकं टाकून त्यावर हात ठेवतात.

शेठला हे पटेना. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही आणि हा माझ्या गाडीचा आवाज ठरवणार? बाबांनी हात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले की डाव्या बाजूला आवाज फाटतोय. संतोषने बघितलं तर डावीकडच्या जोडाला केसाएवढी चीर. त्या दिवसापासून शेठ गाडीला हात लावायच्या आधी बाबांच्या पाया पडतो.

संतोषने जाड पाइप बसवला, मध्ये लांबट डबा घातला, आणि पहिल्यांदा गाडी चालू केली. शेठने मोठ्या आशेने बाबांना खुणेने विचारलं, कसा वाटला आवाज?

बाबा म्हणाले, "झ्याक."

शेठ कानाजवळ जाऊन ओरडला, "आयकला का?"

"न्हाय. म्हनून तर झ्याक."

शेठला ते लागलं. त्याला तर वाटत होतं, आवाज कल्याणपर्यंत गेला पाहिजे. संतोष त्याला रोज समजवायचा, की मोठा आवाज कोणीही काढतो, सायलेन्सर काढून फेकला की झाला. पोलीस धरतील ते वेगळं. "आणि शेठ, माझ्या घरात लहान पोर आहे." हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता, पण मी ऐकलं.

* * *

धुराचा किस्सा शेजारणींचा सगळ्यात आवडता.

सायलेन्सरच्या डब्यात ग्लास वूल भरतात, काचेचा कापूस, त्याने आवाज मऊ होतो. तो संपला होता. शेठला त्याच दिवशी गाडी हवी होती. आणि शेजारी अन्सारीचाचांच्या लूमखाली सुताचा कचरा ढिगाने पडलेला. चाचा म्हणाले, "अरे संतोष, रुई तो रुई है. भर दे." संतोषने भरला. भिवंडीतच असं सुचू शकतं.

आवाज मात्र असा सुंदर झाला की शेठचे डोळे भरून आले. गाडी घेऊन तो धामणकर नाक्याकडे निघाला. इंजिन तापलं, सूत आतल्या आत धुमसायला लागलं, आणि मागून पांढरा धूर. शेठ पुढे बघून चालवत होता, त्याला पत्ता नाही. उलट दोन्ही बाजूंना दुकानदार उठून उभे राहत होते, तो त्यांना हात दाखवत होता.

दुकानदार उठत होते ते शटर ओढायला. बायका धडाधड खिडक्या लावून घेत होत्या. नाक्यावर एक गृहस्थ गाडीसमोर आडवे आले आणि शेठला म्हणाले, "आमच्या गल्लीत महिनाभर डासांची फवारणी नाही. आधी तिकडे चला."

शेठने आम्हाला हे सांगितलं तेव्हा तो रागात होता. शेवटी मात्र स्वतःच हसला. म्हणाला, "गेलो असतो रं, पन गल्लीत गाडी वळली नसती."

* * *

आमच्याकडे सगळे ओरडून बोलतात. लूम चालू असताना दुसरा उपाय नाही. पण लाइट गेली की सगळे लूम एका क्षणात थांबतात, आणि ज्याच्या तोंडात जे वाक्य असेल ते उघडं पडतं. ह्यात कितीतरी लग्नं मोडता मोडता राहिली आहेत.

संतोष बाबांच्या कानाशी घसा ताणून सांगत होता, की पाइप आता बदलायचा नाही, आवाज एकदम बरोबर आहे. बाबांनी विचारलं, मग अडलंय कुठं? संतोष ओरडला, "गाडीचं काम झालं, पण बंटीशेठ माठ हाय!"

"माठ" शब्दाच्या आधीच लाइट गेली होती. शेठ दारात उभा होता.

मी पदर तोंडाला लावला. शेठ तसाच आत आला, गाडीत कसाबसा शिरला आणि चावी फिरवली. लूम बंद, ग्राइंडर बंद, पंखेसुद्धा बंद. त्या शांततेत त्याने पहिल्यांदा आपल्या गाडीचा आवाज नीट ऐकला. खोल, भरलेला, कोणीतरी पोटातून हसावं तसा. त्याने रेस दिली नाही. पाच मिनिटं नुसता बसून राहिला. मग गाडी बंद केली आणि म्हणाला, "संतोष, माठ व्हतो. आता न्हाय."

* * *

गाडी न्यायचा दिवस आणि तनूच्या तपासणीचा दिवस एकच निघाला.

दवाखान्यातून फोन होता, की पोर झोपलेलं आणा, मशीन झोपेतच लावतात. म्हणून मी तिला पहाटेपासून जागी ठेवली होती. संतोषची बाइक तयार होती, पण बाइकवर ती कधी झोपत नाही, टकामका बघत बसते. शेठ म्हणाला, "वयनी, मना हायवेला गाडी बघाचीच हाय. तुमी पोरीला घेऊन बसा, संतोष मागून येल." दोन सीटची गाडी, मी आयुष्यात पहिल्यांदा एवढी खाली बसले. रस्ता डोळ्यांसमोर नाही, कपाळासमोर येत होता. मानकोलीला ट्रकची रांग लागली होती. पण गाडी हुम्म्म करत राहिली आणि रांग सुटायच्या आत तनू माझ्या छातीवर झोपली.

सगळा रस्ता मी देवाशी बोलत होते. काय बोलत होते ते लिहीत नाही.

दवाखान्याच्या आवारात शेठने गाडी हळू उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, कारण पार्किंगला जागा दिसत नव्हती. मी तनूला खांद्यावर घेऊन अलगद उतरले. आवारात झाडं होती, माणसं हळू बोलत होती. लूमचा, ट्रकचा, कसलाच आवाज नव्हता. नुसती ती लाल गाडी मागे गुणगुणत होती. मी पायऱ्यांपर्यंत पोचले, वीसेक पावलं तरी झाली असतील. तेवढ्यात शेठने गाडी बंद केली.

तनूने डोळे उघडले. खांद्यावरून मान उचलली, आणि वळून गाडीकडे बघितलं.

मी जागच्या जागी उभी राहिले. आवाज थांबलेला हिला कळला की काय? मला वाटलं, योगायोग असेल. मी हात हलवून शेठला सांगितलं, गाडी चालू करा. शेठने चालू केली. तनूने परत खांद्यावर डोकं टेकलं, डोळे मिटले. मी दहापर्यंत मोजलं. मग हातानेच खूण केली, आता बंद करा.

परत डोळे उघडले. परत मान उचलून तिकडेच बघायला लागली. ह्या वेळी ओठ पण वाकडे केले, कोणीतरी गोष्ट अर्धवट सोडल्यावर करतात तसे.

संतोष बाइक लावून पळत आला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. वॉचमन पण आला. तो शेठला ओरडला, की हा दवाखाना आहे, इथे गाडीचा खेळ चालत नाही.

"मी कुठं खेलतोय," शेठ काकुळतीला आला. "ही वयनीच बोलते, चालू कर, बंद कर. आनि वयनी, पोर तर उठली की वो तुमची! आता तपासनी कशी व्हनार?"

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू पण आवरत नव्हतं. मी तनूची पाठ त्याच्याकडे केली आणि म्हटलं, "शेठ, तुमच्या पाया पडते. अजून एकदा चालू करा, आणि अजून एकदाच बंद करा."