बंद दाराची खोली

माझ्या हाताबद्दल मला कधी शंका नव्हती. परळच्या चाळीतला पोरगा गिरगावातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंगला, म्हणजे दुसऱ्यांचे नकाशे गिरवायला, लागतो आणि तीन वर्षांत साहेब त्याच्या हाती विद्यापीठाचं नवं वसतिगृह देतात, ते काय उगाच? साहेब म्हणाले, "आराखडा तू कर, समितीपुढे तूच मांड. जमलं तर पुढची कामं तुझी. नाही तर परत ट्रेसिंगला बस." जमेल, म्हटलं.

मी खोल्यांच्या दोन रांगा काढल्या, पाठीला पाठ लावून, आणि दोन्ही अंगांना आठ-आठ फुटांची गॅलरी. गॅलरीवर माझा भारी जीव. माझी मॅट्रिक चाळीच्या गॅलरीतच झाली होती. खोलीचं दार आणि खिडकी, दोन्ही गॅलरीकडेच ठेवली.

समितीतले एक वयस्क प्राध्यापक बराच वेळ नकाशावर वाकून होते. मग म्हणाले, "परीक्षा जवळ आली, बाहेर गोंगाट आहे, मुलगा दार-खिडकी लावून बसला. त्याला वारा कुठून मिळणार?"

"पण दिवसाढवळ्या दार लावतं कोण?" मी विचारलं.

सगळे हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. आठ दिवसांची मुदत मिळाली.

मला राग आला होता, आणि तो त्या प्राध्यापकांचाच. म्हटलं, बघूच. आमची खोलीही तशीच होती, मागे दुसऱ्याची भिंत. रविवारी दुपारी आई नळावर गेली तशी मी दार-खिडकी लावून घेतली आणि कागद घेऊन बसलो. घाम मानेवरून कागदावर टपकायला लागला. एवढ्यात दारावर थाप पडली. मग दुसरी. मग गॅलरीभर पावलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते ते, आणि बाबा सकाळपासून मोर्चाला गेलेले. आमच्या चाळीत भरदिवसा दार लागलं म्हणजे आत काहीतरी वाईट घडलंय, एवढंच लोकांना माहीत. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दार उघडलं तर समोर अर्धी चाळ, आणि पुढे आई. हातात कळशी नव्हती. नळावरच टाकून धावत आली होती.

"ह्यांका काय झाला रे?"

"काही नाही गं. वारा येतो का बघत होतो."

तिने सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली, आणि मग तिथेच उंबऱ्यात बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा संध्याकाळी धडधाकट घरी आले, पण ती रात्री जेवली नाही.

प्राध्यापकांचं मात्र मला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गॅलऱ्यांचे तीन-तीन फूट काढून घेतले. जिवावर आलं, पण काढले. त्या सहा फुटांनी दोन्ही रांगा एकमेकींपासून सुट्या केल्या आणि प्रत्येक खोलीला मागे एक उंच खिडकी दिली. समितीत प्राध्यापकांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आता बसेल मुलगा." त्यानंतर मी ट्रेसिंगला कधी बसलो नाही.

इमारत उभी राहिली तेव्हा महाराष्ट्रही झाला होता. मुलं राहायला येण्याआधी मी आईला दाखवायला नेलं. वरच्या मजल्यावर गॅलरीत रंगाऱ्यांची ये-जा चालू होती. तिथल्या एका खोलीत तिला खाटेवर बसवलं आणि दार लावून घेतलं. मागच्या खिडकीतून वारा आला, तिचा पदर हलला. मी ऐटीत उभा होतो. केलंच होतं मी तसं काम.

ती खिडकीकडे बघतच नव्हती. दाराकडे कान देऊन बसली होती. बराच वेळ गेला.

"दार लागला, तरी कोणच नाय इला बघूक," ती म्हणाली. आणि मग, "उघड रे ता दार."

मी उघडलं.