रविवारचं व्याख्यान

आमच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत शेजारी एक प्राध्यापक राहतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध आणि गुलामगिरी हा विषय निघाला, की चष्मा काढून डोळे पुसतात हो! त्या रविवारी आम्हा पाहुण्यांना सांगत होते, "ते मळेवाले म्हणायचे, हे गुलाम कुठले, आमच्या घरचेच! ढोंगी लेकाचे!"

तेवढ्यात त्यांच्याकडे राहून काम करणारी हेल्पर नवा फ्रॉक घालून चर्चला निघाली.

"आज नको," प्राध्यापक तिला म्हणाले. "चहा कोण करणार?"

मी म्हटलं, "अहो, आज तिची सुट्टी ना?"

"सुट्टी कसली, काकू? ती आमच्या घरचीच आहे."

मी पदर खोचला, 'गो, गो' म्हणत तिला लिफ्टपर्यंत पोचवलं आणि चहा टाकला. कप विसळायला मात्र प्राध्यापकांना उभं केलं. तेही घरचेच की!