कोलेस्टेरॉलची पावडर आणि आमची बाजारगल्ली

आमच्या बाजारगल्लीत एक गोष्ट सांगायला घ्यावी, तर तिच्या शेपटाला धरून दुसरी येते. त्या पावडरीच्या तर इतक्या झाल्यात, की नातवंड थोपटता थोपटता मलाच हसू फुटतं!

नुकतंच केबल आलं होतं. तेलाच्या जाहिरातींमुळं कोलेस्टेरॉल हा शब्द गल्लीला पाठ झालेला. अशात मोठ्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर दुकानदारांचं रक्त तपासून गेले. आमच्या ह्यांचं थोडं वाढलेलं निघालं. आमचं लेकरू तेव्हा अजून भिंतीला धरून उभं राहत होतं. मी रडकुंडीला आले. "थोडं म्हंजी किती थोडं?"

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, औषध तुम्हालाच द्यावं लागेल!"

*

डॉक्टरांना कोलेस्टेरॉल उतरवायच्या एका पावडरीची चाचणी गल्लीत घ्यायची होती. निम्म्यांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कोणाला कोणती, हे त्यांनाही ठाऊक नसणार. शेवटी दवाखान्यातली बंद यादी उघडून दोन्हीकडचं रक्त ताडून बघायचं.

शेजारचे कापडदुकानवाले महादप्पा काका चष्मा वर करून म्हणाले, "तुला बी म्हाईत न्हाई? मग एवढं शिकलास कावून बे?"

*

काका पावडर पाण्यातून घ्यायचे आणि लगेच वरणावर तुपाची धार वाढवायचे. काकू ओरडल्या, तर म्हणाले, "आत पहारेकरी बसवलाय की. आता येऊ दे कोण येतंय ते!"

*

ह्यांच्या वाट्याला साधीच आली असणार, असं माझ्या मनानं घेतलं. चाटून पाहिली, ना गोड ना कडू. रोज सकाळी ह्यांच्या छातीला कान लावायची. हे वैतागले, "अगं, दुकान उघडू दे! बाकीचे ठोके संध्याकाळी ऐक!"

*

शेवटी काकूंपाशी जाऊन रडले. "तुमच्याकडं खरी आली असंल, तर थोडी द्या की."

"अगं, मीच तुझ्याकडं मागायला येणार होते!"

मग काकूंनी घरोघरची पावडर मागवली, जत्रेच्या पंगतीची मोठी परात काढली, समदं एकत्र कालवलं आणि प्रसाद वाटावा तसं वाटीनं सारखं वाटलं. कुणावर अन्याव नको!

डॉक्टर पुन्हा रक्त तपासून गेले. परत आले, तेव्हा मी आमच्या किराणा दुकानाच्या दारातच गाठलं. "ह्यांचं उतरलं का?"

"उतरलंय की! पण पावडरीनं का, ते दोन्हीकडचं ताडून बघितल्यावर कळेल."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात काकूंनी परातीची हकिकत लई कौतुकानं सांगितली. डॉक्टर मटकन साखरेच्या पोत्यावर बसले. "आता कळणार कसं, खरी कोणी खाल्ली?"

काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "पुढच्या खेपेला समदी खरीच आणा, बाबा. आमचा बी कालवायचा कुटाणा वाचंल!"